वाचून दाखविले व समजले

रविवार, ४ फेब्रुवारी १९३४. लोणावळे. सकाळी ८.

दसऱ्यापासून ही वही उघडली नाही, त्याबद्दल वहीची माफी मागतो. कारणे होती. आता आठवत नाहीत, पण होती.

परवा शाळेच्या संमेलनात माझे भाषण झाले. खाली उतरताच ड्रॉइंगचे हौशीराम मास्तर म्हणाले, "चांगलं बोललात. 'चांगले' हा शब्द एकवीस वेळा आला." त्यांनी मोजले होते! बी.ए. होऊन वीस वर्षे झाली आणि शिल्लक शब्द एक.

संकल्प: रोज पाच अपरिचित शब्द. मोठा कोश घरात आहेच. दोन वर्षे लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून होता. तो काढून घेतला. सौ.ने बरणीवर वरवंटा ठेवला. वर्षअखेर १६५५ शब्द होतील. लीप वर्ष असते तर आणखी पाच.

मंगळवार, ६ फेब्रुवारी.

चिठ्ठ्या करून आरशाच्या चौकटीत खोचल्या. दाढी करता करता पाठांतर. कांतार म्हणजे अरण्य. निर्झरिणी म्हणजे ओढा. गालाला दोन जखमा.

सौ.ला म्हणालो, मी तृषार्त आहे. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिला शब्द कळला की चेहरा, हे ठरवता येईना. शब्द, असे धरले.

शनिवार, १७ फेब्रुवारी.

रोज पाच ही हाव आहे. आजपासून एकच, पण मुरवून. तसे पाहता पाचापेक्षा अधिकच.

गुरुवार, २२ फेब्रुवारी.

कुरवंड्याकडून बुधा आणि त्याची आई सावित्राबाई आली. त्यांच्या वाडीला एकच झरा. झऱ्याच्या वाटेवर एका बंगलेवाल्याने तारेचे कुंपण घातले. बाया आता दोन तासांचा वळसा घालून दुसऱ्या डबक्यावर जातात, आणि ते चैत्रात आटते. मामलेदारसाहेब पुढच्या महिन्यात पाच दिवस कामशेतला मुक्कामास येतील. अर्ज तिथे द्यायचा.

वाड्यावस्त्यांचे अर्ज मीच लिहितो. मागे बुधाच्या बांधाचा अर्ज तीन ओळींत लिहिला होता. मंजूर झाला, पण आज नक्कल वाचली आणि लाज वाटली. एकही शब्द कोशात पाहावा लागत नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी.

अर्ज पूर्ण. चार पाने. "कांतारस्थ निर्झरिणीचा पंथ अवरुद्ध झाल्याने तृषार्त जनांची अवस्था अनन्यगतिक झाली आहे." नवे शिकलेले सगळे शब्द बसले. 'मराल' म्हणजे हंस, तेवढा बसेना. म्हणून झऱ्यावर हंस विहार करतात, असे लिहिले. मग मन खाऊ लागले. कुरवंड्यास हंस नाहीत. खोटे लिहिणे मला जमत नाही. 'क्वचित' हा शब्द घातला.

अर्ज वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा आणि खाली 'वाचून दाखविले व समजले' असे लिहून लेखकाने सही करायची, असा रिवाज आहे. बुधाने हात जोडून ऐकले. म्हणाला, "लय झ्याक, मास्तर. पोथी ऐकल्यागत वाटलं."

सावित्राबाई म्हणाली, "पोथी हाये खरी. पर ह्यात आमचं पानी कुटं हाये?"

म्हटले, दुसऱ्या पानावर.

सही करताना टाक थांबला. समजले का? बराच वेळ विचार केला. कोणाला समजले, हे त्या वाक्यात कुठेच म्हटलेले नाही. मला समजले होते. सही केली.

सोमवार, १२ मार्च.

बुधा अर्ज घेऊन कामशेतला गेला. सौ. म्हणाली, "सोबत जायचं होतं." म्हटले, माझे शब्द गेले आहेत ना. ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते."

बुधवार, १४ मार्च. सायंकाळी.

बुधा आधी वाडीवर जाऊन मग इकडे आला. दोन दिवस बसल्यावर आज सकाळी त्याचा नंबर लागला. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. बुधाला विचारले, तुला नेमके काय हवे?

"समदं अर्जात लिवलंय, साहेब."

साहेबांनी पुन्हा पाने उलटली आणि विचारले, हंस हवेत का?

"मग तू काय म्हणालास?"

"व्हय म्हनलो. तुमी लिवलंय म्हंजी कायतरी असंलच. तुमचा सबूद खाली कसा पडू देऊ, मास्तर?"

अर्ज परत आला. वर शेरा: 'हंस पुरविणे या कचेरीकडे नाही. अन्य मागणी असल्यास स्पष्ट लिहावी.'

बुधा रागावला नव्हता. रागावला असता तर बरे झाले असते. सावित्राबाई का आली नाही, विचारले. म्हणाला, "डबकं आटत आलंया. पान्याला गेलीया. सकाळधरनं."

रात्री ७.

साहेबांचे वाचन कमी असावे, असे आधी लिहिले होते. खोडले.

शेवटचे पान पुन्हा पाहिले. 'वाचून दाखविले व समजले.' खाली माझी सही, वळणदार, बी.ए.सकट. बुधाचा अंगठा तिच्यापुढे पुसटच दिसतो.

कोश बरणीवर ठेवला. सौ.ने वरवंटा उचलून नेला. साहेबांचा मुक्काम शुक्रवारपर्यंत आहे.

उद्या: पहाटे कुरवंड्याला जाणे, सावित्राबाई बोलेल तेवढेच लिहिणे.