गोलमध्ये एकटा

ड्रेस्डेन, सप्टेंबर २०१४

तीर्थरूप बाबांस,

कादंबरीचा तुम्हा दोघांना नमस्कार. मी बरी आहे. पोळ्या अजून जाडच होतात, पण वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

काल इथल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा पहिला सामना पाहिला. शंभर वर्षांपूर्वी या संघाने एक हंगाम गाजवला होता, एकही सामना हरला नव्हता. मग महायुद्ध सुरू झालं आणि अख्खा संघ लढायला गेला. परत आला फक्त गोलकीपर. युद्ध संपल्यावर त्याने नवी पोरं जमवून पुन्हा संघ उतरवला.

त्याच्या आठवणीत अजूनही हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी गोलकीपर मिनिटभर मैदानात एकटा उभा राहतो. बाकीचे दहा रेषेबाहेर थांबतात. कुणी बोलत नाही. मला मात्र हातमोजे घातलेला आपला उज्ज्वलदादाच दिसला. त्यांचा गोलकीपर तरी परतला, बाबा. आपला गोलकीपरच गेला.

आई फोनवर सांगत होती, दादाच्या अपघातापासून तुम्ही मैदानावर पाऊल ठेवलं नाही, यंदा तुमच्या कॉलेजचा संघही उतरवणार नाही म्हणता. कोल्हापुरात पोरं तुमची वाट बघत असतील हो. पण तो रिकामा गोल बघवणार नाही, हेही कळतं मला.

दिवाळीला रजा मिळत नाही असं मी लिहिलं होतं. रजा मिळते, बाबा. पण बेल वाजवली की दार उघडायला दादाच धावायचा.

हे शेवटचं आईला वाचून दाखवू नका.

तुमची,
कादंबरी