अंधाऱ्या खड्ड्याचे तीन फोटो

बाबा, मी आता चंद्राचे फोटो साफ करायचं काम करते. ऐकून तुम्ही हसला असता, कारण मला एक ताट धड घासता येत नाही म्हणून आईची रोज बोलणी बसायची. यान चंद्राभोवती फिरतं, खालच्या जमिनीचे फोटो पाठवतं, आणि मी दिवसभर खुर्चीत बसून त्यातले पट्टे, ओरखडे, खोटे ठिपके काढून टाकते. उन्हातले खड्डे सोपे असतात. माझ्याकडे येतात ते दक्षिण टोकाजवळचे, ज्यांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही. ऊन फक्त काठाला लागतं, आणि काठावरून उडून जो काही चिमूटभर उजेड खाली पडतो, त्यावर कॅमेऱ्याला भागवावं लागतं. फोटो येतो तेव्हा काळाकुट्ट असतो. मी त्यातला उजेड थोडाथोडा वाढवत नेते आणि तळ वर येऊ लागतो. दगड दिसतात, घळी दिसतात, भिंतीवरून घसरलेली माती दिसते. हे आजवर कुणी पाहिलेलं नाही, असं माझ्याबरोबरचे लोक कौतुकानं म्हणतात. मला मात्र दर वेळी वाटतं, आपण कुणाच्या तरी बंद खोलीत डोकावतोय.

या वर्षी अशाच एका खड्ड्याच्या तळाशी मला एक उजळ ठिपका दिसला. एकच. आमच्याकडे याचा साधा नियम आहे. अवकाशातले कण कॅमेऱ्यावर आदळले की असे ठिपके उठतात, ते पुसायचे. पुढच्या फेरीच्या फोटोत त्याच जागी पुन्हा ठिपका आला तरच तो खरा धरायचा. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वाकून बघत म्हणाली, "अगं, पूस की. कसली एवढी निरखतेयस?" मी पुसला नाही. पुढच्या फेरीचा फोटो आला आणि ठिपका तिथेच होता, पण मंद. मला त्याचं कारण ठाऊक आहे. कुठल्यातरी दगडाचं सपाट तोंड काठाकडे वळलेलं असणार, आणि काठावरचं ऊन हललं की त्याचा उजेडही कमी होणार. हे मी मैत्रिणीला नीट समजावून सांगितलं. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. बॅटरी उतरत चालली की खाणकामगाराच्या टोपीवरचा दिवा असाच दिसतो, हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

तुमची लॅम्प रूम मला अजून वासासकट आठवते. जमिनीखाली उतरणारा प्रत्येक माणूस खिडकीशी येतो, आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला तुम्हाला देतो आणि टोपीवरचा दिवा घेऊन जातो. तुम्ही बिल्ला त्याच्या खुंटीवर अडकवता. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. खुंटीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस खाली आहे, खुंटी रिकामी म्हणजे माणूस वर आला. सगळ्या खाणीचा जीव त्या फळीवर टांगलेला, असं तुम्ही म्हणायचात, आणि मला त्या फळीला हातसुद्धा लावायची मनाई होती. मी आठ वर्षांची. दुपारी तुमचा डबा घेऊन आले आहे, तुम्ही पाठ करून बॅटऱ्यांत पाणी भरताय. एक बिल्ला कोळशानं अगदी काळा पडलेला. तो आपल्या क्वार्टर्सच्या ओळीतल्या काकांचा, मला नंबर पाठ होता. घरी नेऊन चिंचेनं घासू, लखलखीत करून उद्या आणू, काका खूश होतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी तो दप्तरातल्या कंपासपेटीत टाकला.

पहिली पाळी सुटली तेव्हा एक दिवा परत आला नव्हता आणि त्याची खुंटी रिकामी होती. म्हणजे माणूस बिल्ला उचलून, दिवा न देताच घरी गेला. काकांना प्यायची सवय होती, पूर्वी दोनदा त्यांनी असं केलंही होतं. तुम्ही हजेरीवाल्याला त्यांच्या घरी पाठवलंत. तो परत येऊन म्हणाला, घरी आलाय, झोपलाय. तुम्ही खिडकी लावलीत. सकाळी काकू दारात उभ्या राहिल्या, ते आलेच नाहीत म्हणाल्या, तेव्हा माणसं खाली धावली. खालच्या एका जुन्या बोगद्यात छत कोसळलं होतं. दगड उपसले तेव्हा काका गेलेले होते, पण टोपीवरचा दिवा अजून जळत होता. अगदी तांबूस, विझायला आलेला. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ जिवंत असावेत. हे कुणी मला सांगितलं नाही, ओळीतल्या बायका बोलत होत्या ते मी ऐकलं.

त्याच दिवशी तुम्हाला कंपासपेटीत बिल्ला सापडला. मी मार खायच्या तयारीनं डोळे मिटले. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि इतक्या हळू बोललात की मला आजही त्या आवाजाची भीती वाटते. "हे तू नाई केलं. मी केलं. माह्या खिशात राह्यला होता. मन." मी म्हटलं. "अजून एक डाव मन." मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत ते मला खरं वाटू लागलं होतं. चौकशीत तुम्ही हेच सांगितलंत. लॅम्प रूम गेली, तुम्हाला रेल्वेच्या वाघिणीत कोळसा भरायच्या सायडिंगवर टाकलं. पुढे त्याच धुळीनं छाती धरली. खोकल्याची उबळ आली की तुम्ही मी आसपास आहे का ते आधी बघायचात, आणि मी असले तर बाहेर जाऊन खोकायचात.

सायडिंगवर गेल्यावरची एक संध्याकाळ आहे. शाळेच्या मैदानात विज्ञानाच्या सरांनी दुर्बीण लावली होती, आकाशात अर्धा चंद्र. सगळ्यांनी क्षणभर डोळा लावून पुढे सरकायचं, आणि तुम्ही काही केल्या बाजूला होईनात. मागून लोक कुरकुरायला लागले. शेवटी तुम्ही विचारलंत, "सर, त्या काऱ्या गड्ड्यात कोनी असन, तं इथून दिसन का?" सर हसले. "तिथं कोण असणार, भाऊ?" तुम्ही म्हणालात, "असन तं?" सरांनी पुढच्याला हाक मारली. घरी येईपर्यंत तुम्ही माझं बोट सोडलं नाहीत. हुशार होते म्हणून मी या कामात आले असं सगळे समजतात. समजू देत.

मागच्या महिन्यात तिसऱ्या फेरीचा फोटो आला. मी उजेड वाढवत नेला, आणखी वाढवला, नुसते दाणे उडायला लागले तरी वाढवत राहिले. तळ दिसला, दगड दिसले. ठिपका नव्हता. मैत्रीण म्हणाली, ऊन हललं असेल. असेलच. मी संगणक बंद केला आणि चार दिवसांची रजा टाकली. मला काकूंना सांगायचं होतं. बिल्ला मी काढला, बाबांनी नाही. एवढी दोन वाक्यं.

काकू कुरखेड्याच्या पुढे, माहेरच्या गावी राहतात. मी पोचले तेव्हा भर दुपार होती आणि त्या अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मला ओळखलं, आणि चेहरा पडला. पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलू लागल्या. "तू येशीन, मले मालूम होतं. लय वर्षं झाली, पोरी, आता सांगूनच टाकतो. त्या दिवशी हजेरीवाला इचारायले आला होता, घरी आला का मनून. मले वाटलं, पिऊन पडले असन कुठी, दिवा हारवला असन, आता नोकरी जाईन. मनून मी म्हनलं, आले, झोपले हायेत. मी खरं सांगतलं असतं, तं तवाच खाली गेले असते लोकं. तुह्या बाबानं सारं आपल्या अंगावर घेतलं, सायडिंगवर मेला तो मानूस, अन् मी चूप राह्यली."

खुंटीवर बिल्ला असता तर त्यांच्या दारात विचारायला कुणी आलंच नसतं, बाबा. माणसं थेट खाली उतरली असती. हे मला त्याच क्षणी कळलं. मी जीभ उचलली असती, तर ती बाई अपराधातून सुटली असती. माझी दोन वाक्यं अगदी ओठावर होती. पण त्या रडत होत्या, हात जोडून माझ्याकडे बघत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दुसरं दोषी होतं. मला हलकं वाटलं. ते सुख होतं, दुसरा शब्द नाही त्याला.

मी म्हटलं, "काकू, बाबाच्या मनात तुमच्याबद्दल काई नव्हतं. जाऊ द्या आता."

त्या वाकल्या आणि माझ्या पाया पडल्या. मी पाय मागे घेतले नाहीत.