बादली कोणी भरली?

वडनेर भोलजी
४ जानेवारी २०२५

चि. सुवर्णाले,
पंचफुला आत्याचे पोटभर आशीर्वाद. फोनवर बोललं की सारी गल्ली कान देते, म्हणून लिहून राह्यली.

आपल्या घरात जावई पंगतीत पारखतात. तुह्या मामाजीनं दोनशे मानसाले वरण वाढलं, तवा मी लग्नाले हो म्हटलं. म्हणून परवा मारुतीच्या पारावर, रोडग्याच्या पंगतीत, तुले सांगून आलेल्या वरवट बकालच्या गजेंद्रच्या दंडाले खिरीच्या खुणेची पिवळी फीत बांधून त्याले वाढप्याचं काम देल्लं. तुह्यासमोरच तो खीर खीर वरडत गेला अन् अख्ख्या ओळीच्या द्रोणात कढी वाढून आला! ओळीतले किसनराव इचारत होते, खीर आंबली काय? तुह्या मामाजीनं तर मुकाट्यानं दोनदा मागून घेतली.

बादलीत काय हाय ते ज्याले दिसत नाही, त्याले संसारात काय दिसन? संक्रांतीआधी त्याच्या घरच्यायले ‘नाही’ कळवीन. तुले काही सांगाचं असन तर लवकर लिही.

तुही,
आत्या


धामणगाव बढे
८ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
सुवर्णाचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि माझं जेवण सुटलं. त्यांना ‘नाही’ कळवू नकोस. का, ते नीट सांगते.

काल बारावीच्या वर्गात प्रथिनं कशी तयार होतात ते शिकवत होते. मुलांना कळावं म्हणून म्हटलं, पेशीत रायबोसोम नावाची पंगत असते आणि टी-आरएनए हे तिथले वाढपी. प्रत्येकाच्या एका टोकाला तीन अक्षरांची खूण, आपल्या फितीसारखी. दुसऱ्या टोकाला एकच अमिनो आम्ल, म्हणजे त्याची बादली. पंगतीत एम-आरएनए नावाच्या यादीवरची तीन-तीन अक्षरं वाचली जातात. ज्याची खूण जुळते तो पुढे येतो, आपलं अमिनो आम्ल प्रथिनाच्या साखळीला जोडू देतो आणि रिकामा परततो.

तेवढ्यात पुष्पांजली नावाच्या मुलीने विचारलं, की वाढप्याजवळ चुकीचंच अमिनो आम्ल असलं तर पंगतीत कोणी अडवत नाही का? मी म्हटलं, नाही. रायबोसोम खूण बघतो, आणलेलं चाखत नाही. चुकीचं अमिनो आम्ल तसंच साखळीत जातं. मग तिने विचारलं, चूक कोणाची? मी सांगितलं, वाढप्याची नाही. ते चढवून देणारा विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळा असतो, चूक त्याची. एवढं बोलले आणि खडू हातातच राहिला.

आत्या, गजेंद्रची बादली मी भरली. स्वयंपाकाचे दोन्ही गंज शेजारी होते, खिरीत केशर आणि कढीत हळद, दोन्ही पिवळे. पण ही सबब झाली. माझं लक्ष गंजाकडे नव्हतं. कुठे होतं ते तुला लिहिण्यासारखं नाही. तो विकर तर चढवलेलं पुन्हा तपासतो, चुकलं तर बहुतेक वेळा काढूनही टाकतो. मी तेवढंही केलं नाही, आणि वर गर्दीत उभी राहून त्याला हसणारी माणसं बघत राहिले.

‘नाही’ कळवायचंच असेल तर कारण माझं लाव. हे वाचूनही माझ्यावर जी काही माया उरेल, ती राखून ठेव.

तुझी,
सुवर्णा


वडनेर भोलजी
११ जानेवारी २०२५

चि. सुवर्णाले,
आत्याचे आशीर्वाद, अन् एक धपाटा उधार.

तुहा तो विकर का फिकर मले समजला नाही. पन तू जांभळी ओढनी सावरत कढीच्या गंजात पळी घातली तवा मी तुह्या मांगंच उभी होती. वरडणार होती, पन तुही नजर कुठं हाय ते पाह्यलं अन् गप बसली. तुले अक्षर मी शिकोलं, खरं बोलाचंही मीच शिकोलं. म्हटलं, पाहू पोरगी आपल्या हातानं लिहिते का. तू लिहिलं; जरा उशिरा लिहिलं.

त्यायले ‘हो’ कळवलं. तुह्या लग्नाच्या पंगतीत नवरीनं बसून खाचं. गंजापाशी दिसली तर हात मोडीन.

गजेंद्रची पारख तर त्याच दिवशी झाली होती. सारे हसून राह्यले, पन त्यानं कोनाचं नाव घेतलं नाही. मी बाजूले नेऊन इचारलं, बाबा, बादली कोनं भरून देल्ली? म्हने आठवत नाही. मंग मलेच इचारते कसा, त्या जांभळ्या ओढनीवाल्या घरी गेल्या काय?

जेवत जा. आमचा जीव तुह्यापाशीच हाय.

तुही,
आत्या