कृपया धुऊ नये

राजमान्य राजश्री, आपल्या लाँड्रीचे विद्यमान मालक, माझे धाकटे बंधू यांस थोरल्याचे भरपूर आशीर्वाद. (‘मालक’ वाचून कॉलर ताठ झाली असेल, तर ती कांजीमुळे आहे असं समज.) तुझी कंबर कशी आहे? बॉयलर अजून शिट्टी मारतो का? इस्त्रीवाले काका खोकतात ते वाफेमुळे नाही, बिड्यांमुळे, हे त्यांना माझ्या वतीने पुन्हा सांग. ऐकणार नाहीत, पण कोणी सांगितलं नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होईल. मी खुशाल आहे. उजव्या अंगठ्याला पट्टी बांधली आहे, तिचा खुलासा पुढे येईल.

तू विचारलंस, दुकानावरची माझी खोली तशीच ठेवायची की शेजारच्या शिंप्याला द्यायची. म्हणजे मी मुलाकडे कायमचा राहणार की परत येणार, हे तुला सरळ विचारवत नाही. गेल्या आठवड्यात उत्तर तयार होतं : खोली ठेव, मी आलोच. इथे कोणी हिडीसफिडीस करतं म्हणून नव्हे रे, कोणी काहीच करत नाही म्हणून. मी आल्यापासून घरात सगळे दबक्या आवाजात बोलतात. ताट रोज त्याच वेळी, त्याच जागी. सूनबाई चहा ठेवते आणि आल्या पावली परत जाते. नात माझ्या दाराबाहेर जमिनीवर बसून गोष्टीचं पुस्तक हळू आवाजात वाचते, पण उंबरा ओलांडत नाही. माझा उभा जन्म यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलण्यात गेला. या शांततेत मला वाटू लागलं की मला काहीतरी मोठा आजार झालाय आणि तो फक्त मला सांगायचा राहिलाय. (दोनदा आरशात जीभ काढून पाहिली. जीभ ठणठणीत आहे, नेहमीसारखी.)

अशातच घरात हॅमस्टर आला. हॅमस्टर म्हणजे उंदराचा खात्यापित्या घरातला मावसभाऊ. शेपूट नावापुरती आणि गाल मात्र दोन पोत्यांचे. नातीने त्याचं नाव बटाट्या ठेवलं. पिंजरा तिने आधीच सजवला होता : ताजा भुसा, पळायला चाक, लपायला लाकडी घर. आणि कोपऱ्यात प्राण्यांच्या दुकानातून पिशवीत भरून आणलेला थोडा जुना, पिवळट, दमट भुसा. तो पाहूनच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मी पडलो पाहुणा माणूस, कोणत्या तोंडाने बोलणार?

दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला गेले आणि मी नि बटाट्या दोघेच उरलो. तुला माझा स्वभाव माहीत आहे. घाण दिसली की माझे हात शिवशिवतात. ज्या माणसाने लग्नाच्या शालूवरचा तेलाचा डाग रंगाला धक्का न लावता काढला, त्याने घरातल्या उंदराला घाणीत लोळू द्यायचं? शिवाय म्हटलं, संध्याकाळी नात येईल, स्वच्छ पिंजरा बघेल आणि निदान त्या निमित्ताने तरी माझ्या खोलीत येईल. मी वरून हात घालून त्याला उचललं. (नातीने नंतर नियम सांगितला, वरून हात घालायचा नाही, त्याला तो घारीसारखा वाटतो. घारीचं काय होतं ते मी अंगठ्याला विचारलं.) त्याला बादलीत ठेवलं, सगळा भुसा पिशवीत भरून खाली कचऱ्यात टाकला, पिंजरा साबणाने घासला, चाक पुसलं, लाकडी घराला उन्हं दाखवली आणि तळाला कांजी केलेला, कडक इस्त्रीचा रुमाल अंथरला. घडी अशी, की तूही नाव ठेवलं नसतंस. बटाट्या त्या रुमालाच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसला तो बसलाच. दाण्याला शिवला नाही, चाकाकडे पाहिलं नाही. परीक्षेला भलत्याच वर्गात येऊन बसलेल्या पोरासारखा चेहरा.

संध्याकाळी नात आली. ओरडली असती तर बरं होतं, ओरडण्याला मी तयार होतो. तिने फक्त विचारलं, “आजोबा, त्याच्या वासाचा भुसा कुठंय?” मी म्हटलं, टाकला, घाण होता. तिचे डोळे भरून आले. “आता त्याला कळणारच नाही, की हे त्याचं घर आहे.”

धाकट्या, मग मी जिना उतरलो. सगळ्या इमारतीचा कचरा एकाच पिंपात पडतो, त्यात खांद्यापर्यंत हात घातला. वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकीण बाई थांबल्या. चौकीदार धावत आला. त्याला वाटलं, अंगठी पडली. काय शोधताय म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, “घाण!” ज्याने जन्मभर गावाची घाण काढली, तो भर संध्याकाळी पिंपात डोकं घालून घाण शोधतोय आणि सापडत नाही म्हणून रडकुंडीला आलाय. इस्त्रीवाल्या काकांना हे सांगू नकोस, हसून हसून त्यांचा खोकला वाढेल. शेवटी भाजीच्या सालांखाली पिशवी सापडली, गाठ शाबूत. ती छातीशी धरून वर आलो. चौकीदार अजूनही मला लांबूनच नमस्कार करतो.

जुना भुसा कोपऱ्यात पडताच बटाट्याने नाक हलवलं, आत बुडी मारली आणि थोड्या वेळाने गाल भरून चाकावर चढला. मी सुटलो. नात शेजारी बसून मला समजावू लागली, अगदी हळू आवाजात : नवीन घरात आलेल्याला आधी एकटं सोडायचं. मोठ्याने बोलायचं नाही. खाणं त्याच वेळी, त्याच जागी. जवळ बसून हळूहळू वाचायचं, म्हणजे आवाजाची सवय होते. बोलवल्याशिवाय आत शिरायचं नाही, तो आपणहून बाहेर येईपर्यंत थांबायचं.

मी विचारलं, “बाळ, हे तू बटाट्यासाठी कधी पाठ केलंस?” म्हणाली, तो येणार होता तेव्हाच. पण आधी तुम्ही आलात. मग तिने सूनबाईकडे पाहिलं आणि ठेवणीतल्या गंभीरपणाने म्हणाली, “आजोबांच्या बाबतीत आपलं एकच चुकलं ना गं आई? सगळं नवीनच आणलं आपण. त्यांच्या वासाचं काहीच नाही.” सूनबाई लाजून लाल झाली. मुलगा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला, वर्तमानपत्र उलटं होतं. मला काय वाटलं ते लिहीत नाही, कागद ओला होईल.

त्यानंतर मी खोलीचं दार उघडंच ठेवतो. रोज पिंजऱ्यात तळहात पसरून बसतो, वर एक दाणा. (सुवासिक साबणाला मला सक्त मनाई आहे.) काल बटाट्या हातावर चढला. नातही मांडीवर येऊन बसली, त्यामुळे पाय झोपला तरी हललो नाही. असो. खोलीचं मात्र अजून नक्की ठरत नाही, सावकाश कळवीन.

तुझा,
दादा

ता. क. : खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात, निळी रजई आहे. ती पार्सलने पाठव. धुऊ नकोस. तुझे हात शिवशिवतील, नाक मुरडेल, काका तर बॉयलरकडेच धावतील, पण कोणाला हात लावू देऊ नकोस. जगाचे डाग काढले रे, पण तुझी वहिनी गेल्यापासून त्या रजईला पाणी लावायचा धीर मला झाला नाही. शिक्का मारायचाच असेल तर ‘कृपया धुऊ नये’ असा मार.

ता. क. दुसरा : खोली शिंप्याला दे. आधी रजई काढ, मग दे.