रेणूचा पीळ

आशागड, डहाणू
फेब्रुवारी २०१९

प्रिय मयुरा,

फोनवर बोलताना तुझे बाबा शेजारी कान टवकारून बसतात, म्हणून हे पत्र. पुण्याला पोचलं की प्रयोगशाळेत फोडू नकोस, खोलीवर जाऊन वाच.

आधी जमनाचा निरोप, ती विचारते: रेणूची तब्येत कशी आहे? मागे तू फोनच्या स्पीकरवर रडवेली होऊन सांगत होतीस ना, रेणूचा पीळ टिकत नाही, जरा ऊब लागली की सुटतो. जमना तेव्हा कामाला आलेली, ओट्यावर चिकू निवडत होती. तिला वाटलं, रेणू तुझी मैत्रीण आणि पीळ तिच्या पोटात. मला म्हणते, पोटातला पीळ सुटला तं चांगलाच ना, मयुराबाय रडते कशाला? अगं, रेणू म्हणजे मयुरा प्रयोगशाळेत बनवते तो डोळ्यांना न दिसणारा कण, असं परोपरीनं सांगितलं. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी रेणूसाठी ओव्याची पुरचुंडी घेऊन आली.

खरा पीळ माझ्या पोटात पडलाय. भूकंप किरकोळ आहेत असं मी तुला सांगते, ते खोटं आहे. नोव्हेंबरपासून जमीन थांबतच नाही. आधी खालून गडगडतं, मग मांडणीवरची भांडी वाजतात. झरी गावात जमनाच्या भावाची भिंत पडली, ती सगळी तंबूत राहतात. आम्हीही वाडीत ताडपत्री बांधली आहे. आम्ही म्हणजे मी. तुझे बाबा घरातच झोपतात. स्वयंपाकघराच्या भेगेत माझं बोट जातं, तरी म्हणतात, मी उभा राहून ओतून घेतलेला स्लॅब मला मारणार नाही. मी रागावले, रडले. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. तुझा रेणू निदान उबेनं तरी सैल पडतो गं.

दिवाळीत त्यांनी विचारलं होतं, त्या रेणूत एवढं काय आहे? तू माझ्या साडीच्या फॉलची पट्टी घेतलीस, अर्धा पीळ देऊन टोकं टाचलीस आणि म्हणालीस, इलेक्ट्रॉन असा फिरतो. आतून निघालेलं बोट काठ न ओलांडता बाहेर आलं. पान वाढून ठेवलं होतं, तरी बाबा बोट फिरवत बसले. ती पट्टी अजून त्यांच्या उशाशी असते.

मयुरा, कालपासून मीही आतच झोपते. त्यांना एकटं टाकून बाहेर माझा डोळा लागत नाही, आणि आत भीतीनं लागत नाही. म्हणून हे लिहिलं. काम टाकून येऊ नकोस. त्यांना फोन कर, माझं नाव काढू नकोस. रेणूबद्दल बोल आणि बोलता बोलता सांग, बाबा, तुम्हीच बोट फिरवून पाहिलंत ना, आत आणि बाहेर एकच असतं. मग बाहेर झोपायला काय हरकत आहे? तुझं ऐकतील. पण आजच कर.

तुझीच, जीव मुठीत धरून बसलेली,
आई