भिंतीला हात नको

२ मार्च

लेकीचं प्रदर्शन! आणि तेही आमच्या संग्रहालयात!

मोठ्या मॅडम स्वतः जिना उतरून माझ्या रंगाच्या खोलीत आल्या. एरवी त्या कुणाकडे बघून हसत नाहीत, आज हसल्या. "वीस तारखेपासून चार नंबरचं दालन तुमच्या मुलीला दिलंय. निवड आहे हं, वशिला नाही." मी म्हटलं, "वशिला लावायचा असता तर एक नंबरचं नसतं का मागितलं?"

ब्रश तसाच टाकून घरी फोन केला. हिला आधीच ठाऊक! मायलेकी एक, बापाला सगळ्यात शेवटी कळणार. रागवायचं ठरवलं होतं, पण तोंडावरचं हसू जाईना.

५ मार्च

साडू परदेशवारीला निघालेत. दुपारी त्यांचा फोन — "तुम्ही एवढी वर्षं संग्रहालयात आहात. तिकडची कुठली बघण्यासारखी, सांगा ना." मी सांगितलं, कुठलंही बघा, पण दोन चित्रांच्या मधली भिंत बघा. चित्र चांगलं असणारच, म्हणून तर टांगलंय! संग्रहालय कसलं आहे ते भिंतीवरून कळतं. साडूंना वाटलं मी थट्टा करतोय.

थट्टा कसली? लेकीने एकदा आम्हा दोघांना एक जगप्रसिद्ध संग्रहालय दाखवायला नेलं होतं. सगळे माना वर करून उभे आणि मी कोपऱ्यात गुडघे टेकलेला. रंग ओघळून वाळला होता! एवढं नाव, एवढी रांग, आणि ओघळ! पहारेकऱ्याने मला उठवलं. ही लांब जाऊन उभी राहिली, जणू मी तिचा कुणीच नाही.

आमच्याकडे ओघळ दाखवावा कुणीही. प्रदर्शन उतरलं की भिंतीची चाळण झालेली असते. भोकं पुट्टीने बुजवायची, पॉलिश पेपरने घासायची आणि वर रंगाचा हात. रंगाच्या थराला आम्ही रंगारी हातच म्हणतो. एक हात, दोन हात. मग भोक कुठे होतं ते हुडकून सापडता कामा नये. माझं काम दिसलं म्हणजे बिघडलं. इतक्या वर्षांत दिसलेलं नाही.

११ मार्च

ऑफिसातल्या कारकुनाने जिन्यात गाठून सांगितलं, "तुमच्या मुलीचा निरोप आहे. चार नंबरच्या मोठ्या भिंतीला हात नको म्हणाली."

हात नको! म्हणजे नुसती पुट्टी भरून सोडायची. माझा खांदा दुखतो ते हिने तिकडे कळवलेलं दिसतंय. लेक परगावी राहते, पण बापाची काळजी आहे. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

पण काळजी आपल्या जागी. ज्या भिंतीवर वाटेल त्याची चित्रं लागली, तिला मी दोन-दोन हात दिले. आणि पोटच्या पोरीचं प्रदर्शन आल्यावर अंग चोरू? लोक काय म्हणतील, बाप इथला रंगारी आणि पोरीची भिंत बघा!

१२ मार्च

आज सुट्टी. गेलोच. ही म्हणाली, "अहो, तिने नको सांगितलंय ना?" मी म्हटलं, तू तुझं बघ.

सगळी भिंत घासून काढली. आजवर भोकांपुरतंच घासत आलो, आज या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरून पुट्टीचा पातळ थर ओढला. खांद्याने दिवसभर शिव्या दिल्या.

१४ मार्च

झाली! पुन्हा घासली, प्रायमर, वर रोलरने दोन हात. कडेला चिकटपट्टी न लावता, नुसत्या ब्रशने. गालावरून बोट फिरवावं तशी भिंत. आयुष्यात असं काम केलं नव्हतं. दार लावून एकटाच बघत बसलो आणि स्वतःलाच शाबासकी दिली. पोरगी बघून काय म्हणते!

१६ मार्च

आली. बरोबर चित्र एकही नाही, नुसते दिवे. म्हटलं चित्रं मागून येत असतील. मी ऐटीत दार उघडलं.

ती भिंतीकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "बाबा, हे कुणी केलं?"

"कुणी म्हणजे? मीच!"

ती खालीच बसली.

चित्रं येणारच नव्हती. भिंत हेच चित्र होतं. भिंतीच्या पायाशी दिवा ठेवून प्रकाश तिरपा टाकला, की बुजवलेलं एकेक भोक पुन्हा दिसतं म्हणे. फुगवटे, खळगे, एकावर एक भरलेली पुट्टी. इतक्या वर्षांची सगळी प्रदर्शनं त्या भिंतीत होती. गेल्या वेळी आली तेव्हा तिने मोबाइलच्या उजेडात ते बघितलं होतं. तेव्हापासून डोक्यात हेच. "मी सांगितलं होतं ना, भिंतीला हात नको!"

मला वाटलं रंगाचा हात. तिला म्हणायचं होतं, हातच लावू नका.

सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "म्हणजे माझी ठिगळं चारचौघांत मांडणार होतीस? जन्मभर जे झाकलं ते?" ती दिवे तिथेच टाकून निघून गेली. उद्घाटन चार दिवसांवर आणि पोरीकडे दाखवायला काही नाही. माझ्यामुळे.

१७ मार्च

घरात तिघं. बोलतो फक्त पंखा.

१८ मार्च

सकाळी हिचा स्फोट झाला. "स्वतःच्या हाताचा एवढा अभिमान तुम्हाला! मग तिला असला तर कुठे बिघडलं? ती तुमची लाज मांडत नव्हती हो. आमच्या बाबांनी केलंय, बघा, असं सांगत होती!"

मी चहा ठेवून उठलो. लेक आधीच दालनात गेली होती. तिच्याशेजारी जाऊन जमिनीवर बसलो. म्हटलं, खरवडून देतो. ती म्हणाली, "खरवडून परत येणार आहे का ते?" नाही येणार. मला माहीत होतं. मीच तर सगळं सपाट केलेलं. या भिंतीवर माझं पहिलं भोक कुठे भरलं तेही ठाऊक होतं — खिडकीजवळ, वरच्या अंगाला. तिथे बघितलं. काही नाही. पहिल्यांदाच वाईट वाटलं, त्या भोकाचं!

मग तिने उगाच म्हणून दिवा लावला. पायाशी, तिरपा.

अरे देवा! मी जिला गुळगुळीत समजत होतो तिच्यावर सगळं उमटलं. रोलरची एकेक फेरी. पत्र्याने पुट्टी ओढताना कुठे जोर दिला, कुठे खांदा दुखला म्हणून फेरी आखूड पडली, कुठे शिडी सरकवली. मी म्हटलं, "बंद कर, बंद कर!" ती म्हणाली, "थांबा." जवळ गेली, लांब गेली, पुन्हा जवळ. मग एकदम माझ्याकडे वळली — लहानपणी बक्षीस मिळालं की वळायची तशी. "बाबा, हे किती वेळात केलंत?"

"तीन दिवस. तुझ्यासाठी केलं गं."

"मग हेच राहू दे."

रडलो. तीही.

२० मार्च

उद्घाटन. मोठ्या मॅडमचं भाषण मला निम्मं कळलं. दालनात फक्त ती भिंत आणि दिवा. बाजूला छोटी पाटी, मी भिंत घासायच्या आधीच छापून आलेली — "बाबांचा हात". मॅडमनी तिला विचारलं, आता नाव बदलायचं का? लेक म्हणाली, "कशाला? आता तर जास्तच खरं आहे."

एक म्हातारी बाई बराच वेळ उभी होती. न राहवून तिने भिंतीवरून बोट फिरवायला हात पुढे केला, तोच पहारेकरी ओरडला, "हात लावू नका!" माझ्या भिंतीला! मला सगळ्यांदेखत हसू फुटलं. ही आज माझ्या शेजारीच उभी होती, दंड घट्ट धरून. येईल त्याला सांगत होती, "आमचे हे."

१४ एप्रिल

समुद्रापलीकडच्या एका नामांकित संग्रहालयाला "बाबांचा हात" हवं आहे. भिंत काही पेटीत भरून पाठवता येत नाही. म्हणून लेकीने त्यांना कळवलंय, आम्ही बाबांनाच घेऊन येतो.