हिरव्या वॅगनची चक्कर

१४ जानेवारी, सोमवार

दोन आहेत. दोन!

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक डोकं दाखवलं, मग शेजारी दुसरं. मला वाटलं मशीन बिघडलंय. अनिबाल बाहेर बाकावर बसला होता. त्याला सांगितलं तर आधी हसला, मग म्हणाला, "झुल्मा, गाडीत कुठं बसवायची?" जुळं होणार म्हटल्यावर माझ्या नवऱ्याला सुचलं काय, तर गाडी!

पण खोटं नाही. घरात तीन पोरं आहेतच. ही दोन. आम्ही दोघं. शिवाय सासूबाई – रविवारी त्यांना मागे ठेवून कुठं जायची सोय नाही. आमच्या डबड्या गाडीत धाकटा आत्ताच माझ्या मांडीवर बसतो, आणि मांडी आता उरलेली नाही.

१६ जानेवारी

स्टेशन वॅगन शोधणं चालू. काल एक पाहिली, तिच्यात आधीच्या मालकाच्या कोंबड्यांचा वास. अनिबाल म्हणाला, धुतली की जाईल. अनिबाल बेकरीत कामाला, त्यावर सासूबाई – "तुला जन्मभर धुतेय. बेकरीचा वास गेला का?"

रस्त्यानं जाताना माझी नजर नुसती टपांवर. टपावर कॅन किंवा बाटली दिसली की गाडी विकाऊ. पाटी लावत कोण बसतंय आमच्याकडे! सासूबाई म्हणतात, अशीच वर बघत चाललीस तर गटारात पडशील.

१७ जानेवारी

काही नाही. जानेवारीचा उन्हाळा – ऊन, ऊन, ऊन.

१९ जानेवारी, शनिवार

सगळं लिहून काढते.

बहिणीकडून परत येत होते, एकटीच. घाटात, मोठ्या चढाच्या अलीकडे, झाडाखाली एक हिरवी वॅगन उभी. लांबलचक, जुनी, पण कोणीतरी जिवापाड जपलेली. टपावर पांढरा पाण्याचा कॅन. मी तिथंच थांबले. बंपरवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, टोपी गुडघ्यावर, शर्ट घामानं चिकटलेला. या उन्हात कोणालाही घाम येईल, असं माझ्या मनात आलं. आलं आणि गेलं.

म्हटलं, "काका, चालवून बघू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि खिशातून किल्ली काढून दिली. "चालव, पोरी. देवानंच धाडलं तुला."

मला वाटलं, काय गोड बोलून विकतोय म्हातारा! कॅन उतरवून मी मागे ठेवला, माझी डबडी कडेला लावली, आणि बसले. ते शेजारी बसले, खिडकीला टेकून.

मग मी जे जे केलं ते आता एकेक आठवतंय. मोकळा रस्ता बघून गाडी दामटली. ब्रेक बघायचे म्हणून कच्चकन दाबले – ते पुढे आदळता आदळता राहिले. मी म्हटलं, "ब्रेक छान आहेत हो!" मागची सीट आडवी होते का, पाच पोरं झोपतील का, चढाला ओढते का, पेट्रोल किती पिते. माझी टकळी चालूच. ते मधूनमधून "हं" म्हणायचे. पुढे फाटा आला. सरळ गेलं की गाव, डावीकडे धरणाचा लांबचा रस्ता. मी म्हटलं, "धरणाकडून घेऊ ना? तिकडे अजून चढ आहे." ते दोन्ही रस्त्यांकडे बघून म्हणाले, "धरणाकडून घे."

धरणापाशी मी गाडी थांबवली, उतरले, डिकी उघडून आत डोकं घातलं! डिकीत दोन पाळणे मावतील का ते हातानं मोजलं. ते आत बसून पाण्याकडे बघत होते. मला वाटलं, गाडी सोडायचं वाईट वाटतंय त्यांना. म्हटलंही – "काळजी करू नका, चांगल्या घरी जाईल."

उतारावर किंमत विचारली. पुन्हा विचारली. ते म्हणाले, "हॉस्पिटल."

मी हसले. देवा, मी हसले. वाटलं, हॉस्पिटलच्या खर्चाला पैसे हवेत असं सांगतायत. मग त्यांचं डोकं काचेवर आपटलं आणि टोपी खाली पडली. ओठ निळे.

त्यानंतर गाव येईपर्यंत मी हॉर्नवरचा हात काढला नाही.

२० जानेवारी

जिवंत आहेत. नाव इलारिओ किन्तेरोस; सगळे मानानं डॉन इलारिओ म्हणतात. कृत्रिम श्वासावर ठेवलंय. हृदयाचा झटका.

२२ जानेवारी

त्यांची मुलगी घरी आली. नीएवेस. राजधानीतून रात्रभर बसनं आलेली, डोळे सुजलेले. दारातच मला मिठी मारली, जपून, पोटाला धक्का न लावता. म्हणाली, तुम्ही नसतात तर बाबा त्या झाडाखालीच गेले असते. खिम्याच्या करंज्यांसारखी एम्पानादा घेऊन आली होती, एवढ्या धावपळीतही! सासूबाईंनी माते केलं, आमचा पाल्याचा कडू चहा. मी शरमून बसले, पण बरं वाटत होतं. कोणाला नाही वाटणार?

मग मी असंच म्हटलं, गाडी विकायची पाळी आली याचं वाईट वाटतं.

ती म्हणाली, "विकायची? बाबा ती गाडी विकतील? आई असतानाची गाडी आहे ती."

मी म्हटलं, टपावर कॅन होता. ती हसली. त्या चढाआधी बाबा नेहमी थांबतात, म्हणाली. रेडिएटरमध्ये पाणी ओततात आणि कॅन टपावरच विसरतात, आई रोज ओरडायची त्यावरून. शनिवारी छातीत कळ आली म्हणून शेजाऱ्यांना सांगून हॉस्पिटलकडे निघाले होते, वाटेत इंजिन तापलं असणार.

माझ्या हातातलं एम्पानादा तसंच राहिलं. विकाऊ नव्हती. ते मदतीची वाट बघत बसले होते. मी "चालवून बघू का" म्हटलं, आणि त्यांना वाटलं, ही मला नेतेय. आणि मी त्यांना चढावरून, धक्के देत, धरण दाखवत –

नीएवेसला काही बोलले नाही. ती जाताना पुन्हा बिलगली.

२३ जानेवारी

अनिबालला सांगितलं. आधी त्याला हसू आलं, त्यानं तोंड दाबलं, मग रडकुंडीला आला. म्हणाला, सांगू नकोस, तू वाईट मनानं थोडंच केलंस, शिवाय तुझी ही अवस्था. सासूबाई माते पीत सगळं ऐकत होत्या. त्यांना विचारलं नव्हतं, तरी बोलल्या. "ती बाई तुझ्या नावानं देवळात मेणबत्त्या लावतेय. लावू देणार आहेस?"

जन्मात पहिल्यांदा त्यांचा राग आला नाही.

२५ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं.

हॉस्पिटलच्या बोळात, खुर्च्यांवर. नीएवेस माझा हात हातात घेऊन बसली होती. म्हटलं, मला गाडी विकाऊ वाटली. मी बघायला घेतली होती, त्यांना न्यायला नाही. ती आधी समजली नाही, मग मला धीर द्यायला लागली – चूक कोणाचीही होते, पोचवलंत ना शेवटी. तिथं थांबता आलं असतं मला. थांबले नाही.

"मी धरणाकडून गेले," म्हटलं.

तिनं हात काढून घेतला. मग फक्त विचारलं, "तिथं थांबलात?"

"थांबले. डिकी बघितली."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली, दार हळूच लावून घेतलं. मी बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं कळा सुरू झाल्या समजून ड्रायव्हरला हाक मारली.

२७ जानेवारी

त्यांना शुद्ध आलीय, नळी काढलीय, असं नर्सकडून कळलं. पण हृदय फार दुबळं झालंय. वेळेत आणलं असतं तर, असं डॉक्टर नीएवेसला म्हणाले म्हणे. तर!

अनिबालनं नवी गाडी बघायचं नाव काढलं. त्याच्यावर चप्पल फेकली.

३१ जानेवारी, गुरुवार

काल डॉन इलारिओ गेले. आज माती.

परवा नर्सकडून निरोप आला – पोटुशी बाईला बोलावलंय, मुलगी जेवायला गेली की या. गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट वर केलं. आवाज अगदी बारीक. "ब्रेक मारलास तेव्हाच कळलं मला, ही गिऱ्हाईक आहे. फाट्यावर तुला सरळ घे म्हणता आलं असतं." मी विचारलं, मग का नाही म्हणालात? म्हणाले, सरळ म्हणजे हॉस्पिटल, आणि तिथून सुटलो तर राजधानीत नीएवेसच्या नवव्या मजल्यावर, खिडकीशी, मरेपर्यंत. "आणि तू पाच पोरं कशी झोपवायची ते सांगत होतीस. किती वर्षांनी त्या गाडीत कुणी असं बडबडलं, पोरी. ऐकावंसं वाटलं." मग माझं मनगट धरलं. "तिला सांगू नकोस. तिच्याकडे जायचं नव्हतं मला, हे कळलं तर मोडेल ती." मी शब्द दिला.

आज दफनभूमीत नीएवेस सगळ्यांसमोर म्हणाली, "माझा बाप मरत होता आणि या बाई त्याला धरणावर फिरवत होत्या."

अनिबाल पुढे सरकला. मी त्याला मागे ओढलं आणि म्हटलं, "हो. फिरवत होते."